मलकापूरचा हात

दिवाळी पाडव्याच्या दिवशी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत म्हशी पळवायला बाहेर काढल्या की बायाबापड्या लेकरं कडेवर घेऊन ओट्यांवर चढून बसायच्या. खाली रस्त्यावर थांबायची कुणाची टाप नसायची. शिंगं रंगवलेल्या, गळ्यात घुंगरमाळा घातलेल्या म्हशी मालकाच्या मोटारसायकलीमागं चौखूर धावत यायच्या आणि सगळी गल्ली दणाणून जायची.

चौऱ्याहत्तर सालच्या पाडव्याला केरबाची चंद्री सगळ्यांत देखणी दिसत होती. तिची शिंगं केरबाच्या थोरल्या लेकीनं, शालूनं, स्वतः रंगवली होती. शालू विशीची, अंगापिंडानं दणकट. पहाटे उठून धारा काढायच्या, मग चंद्रीला गंगावेशीच्या कट्ट्यावर नेऊन गिऱ्हाइकांना समोर पिळून दूध द्यायचं, हे तिचं रोजचं काम. बापाचं ती ऐकायची, पण पटलं तरच.

केरबा राजदूतवर पुढं, चंद्री मागं आणि चंद्रीमागं पदर खोचून पळणारी शालू, अशी त्यांची वरात रंगात आली होती. तेवढ्यात कुणीतरी लवंगी फटाक्यांची माळ नेमकी चंद्रीच्या पायात टाकली. तडतड आवाज झाला आणि म्हैस बिथरली. तिनं मालकाचा माग सोडला आणि मान खाली घालून ती सरळ बाजूच्या बोळात घुसली. बोळात बारकी पोरं किल्ला करत बसली होती.

"सरका! सरका रं पोरांनो!" शालू जिवाच्या आकांतानं ओरडली. पोरं जागची हलेनात.

एवढ्यात कडेच्या खोलीतून एक बाई बाहेर आली. चाळिशीची, सडपातळ. दोन महिन्यांपूर्वी राहायला आलेल्या बँडवाल्या चमनची ती बायको, एवढंच पेठेला माहीत होतं. तिनं कपडे वाळत घालायचा बांबू दोरीखालून उपसला, पोरांच्या पुढं जाऊन उभी राहिली आणि तो बांबू फिरवायला सुरुवात केली. आधी तो दिसत होता. मग दिसेनासा झाला. तिच्यापुढं नुसतं एक चक्र गरगरत होतं आणि त्यातून घूं घूं आवाज येत होता. चंद्री हातभर अंतरावर खूर रोवून थांबली. बाईनं एक पाऊल पुढं टाकलं, बांबूचं टोक शिंगाच्या बुडाशी हळूच टेकवलं आणि एवढं मोठं धूड वासरागत माघारी वळवलं.

बाईनं बांबू टाकला, पदर डोक्यावर ओढला, घरात गेली आणि आतून कडी घातली.

शालू धापा टाकत तिथंच उभी राहिली. चंद्रीचं दावं हातात आलं तरी तिची नजर त्या बंद दारावरच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची लोटी घेऊन तिनं ते दार वाजवलं. दार चमननं उघडलं. बुटका, हसरा माणूस. बँडातला कर्णा पुसत बसला होता.

"भाभी हाईत?"

"हाय की. पर कालपास्नं बोलंना झालीय," चमन म्हणाला.

आतून आवाज आला, "मी काय केलं न्हाय. म्हस आपसूक फिरली."

शालू उंबऱ्यावरच बसली. "भाभी, म्हस माझी हाय. ती माझ्या बापाच्या हाकंला फिरत न्हाय, ती आपसूक कशी फिरंल?"

चमन खो खो हसला. "सांग की गं जुलेखा. आता अख्ख्या पेठेनं बघितलंय. लपवून काय उपयोग?"

"आणि परत खोली सोडायला लागली तर?" जुलेखा बाहेर आली. तिचे डोळे रडून लाल झाले होते. "दोन ठिकाणी झालं न्हवं तसं? सर्कसवाली म्हणून कळलं की खोलीमालक म्हणायचे, उद्यापास्नं दुसरीकडं बघा."

"सर्कस?" शालूचे डोळेच विस्फारले.

मग लोटीतलं दूध चुलीवर गेलं, चहा झाला आणि हळूहळू सगळी हकीकत बाहेर आली.

जुलेखा मलकापूरची. बाप शमशुद्दीन बैलांना नाल ठोकायचा, पण त्याचं खरं नाव होतं ते पट्ट्यासाठी. लांब लवतं पातं आणि कोपरापर्यंत हात झाकणारी पोलादी मूठ असलेला तो पट्टा शमशुद्दीनच्या हातात आला की मोहरमाच्या मिरवणुकीत माणसं झाडावर चढून बघायची. हिंदू असो, मुसलमान असो, गावचा प्रत्येक खेळगडी त्याच्या हाताखालून गेलेला. त्याला मुलगा नव्हता. जुलेखा एकुलती एक. आई खैरुनबी बोंबलत राहिली आणि बापानं परसात लेकीच्या हातात कळकाची काठी दिली. पोरीचं मनगट बापापेक्षा हलकं निघालं. मग तो तिला फेटा बांधून, पोराचे कपडे घालून मोहरमाला न्यायला लागला. गावाला वाटायचं, भाच्याला आणलंय. आणि मग एका साली ऐन खेळात फेटा सुटला आणि वेणी पाठीवर पडली.

"निम्मं गाव टाळ्या वाजवत होतं," जुलेखा म्हणाली, "आणि निम्मं तोंड फिरवून गेलं. माझ्याशी लगीन करायला कोण तयार हुईना. तवा कोल्हापुरात सर्कस आलती. मालकानं ऐकलं हुतं माझ्याबद्दल. अब्बा म्हणाले, हितं भांडी घासत कुढण्यापरीस जग बघू. गेलो दोघं बी."

मद्रासपासून कलकत्त्यापर्यंत ती हिंडली. तंबूत वाघाचा खेळ संपला की ती दोन हातांत दोन पट्टे घेऊन यायची आणि बँडात चमन कर्णा वाजवायचा. तिचा शेवटचा वार आणि कर्ण्याचा शेवटचा सूर एकदमच पडायला हवा. रोजच्या त्या जुळवाजुळवीतच दोघांचं जमलं. बाप गेला तो एका मुक्कामावर, तंबूतच. जुलेखानं त्या दिवशी पट्टा पुसून ठेवला. पुढं सर्कसही मोडली.

"मला शिकवा," शालू म्हणाली.

"खुळी का काय? तुझा बाप काय म्हणंल?"

"ते मी बघतो. तुम्ही निस्तं व्हय म्हणा."

जुलेखा नवऱ्याकडं बघायला लागली. चमननं कर्णा तोंडाला लावून एक लांबलचक सूर काढला. शालूनं त्याचा अर्थ होकार असा घेतला आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी ती जुलेखाला आपल्या गोठ्यामागच्या मोकळ्या जागेत घेऊन गेली.

पहिल्या आठवड्यात शालूच्या नडगीवर निळे डाग उठले. काठी फिरवायची म्हणजे जोर लावायचा, असं तिला वाटायचं. "जोर न्हाय गं, जोर म्हशीला लाव," जुलेखा ओरडायची. "मनगाट सैल सोड. काठीला फिरायचंच असतंय, तू आडवी येऊ नगंस." आणि एके दिवशी तसंच झालं. काठी हातात आहे की नाही हेच शालूला कळेना, फक्त कानाजवळून वारा जात होता. ती आनंदानं किंचाळली. गोठ्यातल्या म्हशींनी माना वर केल्या आणि नेमका त्याच वेळी केरबा कोपऱ्यावरून आत आला.

केरबा नुसता गोठ्याचा मालक नव्हता. पेठेतल्या चाफ्याच्या तालमीचा तो कारभारी होता. तालमीचा काठी-पट्ट्याचा मर्दानी खेळ एके काळी लांबलांबपर्यंत गाजायचा. पण वस्ताद गणपतरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले, जुने गडी पांगले, नवी पोरं कुस्तीकडं वळली. भिंतीवरच्या पट्ट्याला हात लावणारं कुणी उरलं नव्हतं. कागलच्या उरुसाला तालमीचा खेळ दरसाल जायचा, आणि या वेळी आम्ही येत नाही असा निरोप कोणत्या तोंडानं धाडायचा, या काळजीनं केरबाला अन्न गोड लागत नव्हतं.

"काय चाललंय हे?" तो गरजला.

"काठी फिरवालोय, आबा."

"ते दिसतंय मला! बापाला इचारायचं न्हाय, सांगायचं न्हाय..."

"इचारलं असतं तर न्हाय म्हणाला असता. म्हणून न्हाय इचारलं."

केरबा चिडून पुढं आला. पण जुलेखाकडं बघताच त्याला पाडव्याचा तो बोळ आठवला आणि त्याचा आवाज खाली आला. "भाभी, तुम्हाला पट्टा बी येतो काय हो?"

"येत होता," जुलेखा म्हणाली.

तालमीत ही गोष्ट निघाली तेव्हा गहजब झाला. सगळ्यांत पुढं हंबीरराव. तालमीतला नाव कमावलेला पैलवान, मनानं सरळ, पण हट्टी. "केरबातात्या, हितं मारुतीपुढं आजवर बाईमाणूस आलं न्हाय. आणि सर्कशीतला खेळ म्हंजी काय मर्दानी खेळ असतोय व्हय? उद्या मग जोकर बी आणा!"

गणपतराव वस्ताद खाटेवर बसून सगळं ऐकत होते. सत्तरी ओलांडलेली, डोळ्यांवर जाड भिंगं आणि त्यातूनही नुसता उजेड-अंधार कळणारा. ते म्हणाले, "भांडू नगासा. पट्टा काढा भित्तीवरचा. ज्यो कोण असंल त्यानं माझ्याम्होरं फिरवू दे. मी ऐकतो."

पट्टा उतरवला, तेल लावून पुसला. तालमीच्या अंगणात माणसांनी रिंगण धरलं. शालू केरबाच्या शेजारी उभी होती. जुलेखानं पदर कंबरेला घट्ट खोचला, पट्टा कपाळाला लावला आणि मुठीत हात घातला. पातं आधी जमिनीलगत सळसळलं, मग कंबरेभोवती, मग डोक्यावरून. सुं... सुं... सपकन्! वारा चिरल्यागत आवाज होत होता. रिंगण आपोआप दोन पावलं मागं सरकलं. शालूला पातं दिसतच नव्हतं. मावळतीच्या उन्हात नुसत्या चमकत्या रेघा उठत होत्या आणि विरत होत्या.

गणपतरावांची मान एका बाजूला कलली होती. एकाएकी ते म्हणाले, "थांब. त्यो शेवटचा वार उलट्या अंगानं मार."

जुलेखानं मारला.

"परत."

परत मारला. म्हातारा खाटेवरून उठून उभा राहिला; खेळतंय ते बाईमाणूस आहे हेही तो विसरून गेला होता. "आरं, ह्यो मलकापूरचा हात! वार मनगटावर संपतोय, कोपरावर न्हाय. ह्यो शमशुद्दीन नालबंदाचा हात हाय. पर शमशुद्दीन तर गेला म्हणं. तू कोण हाईस रं?"

"रं न्हाय वस्ताद, गं म्हणा," जुलेखा म्हणाली. "मी त्यांची लेक."

"लेक?" गणपतराव चाचपडत दोन पावलं पुढं आले. "मोहरमाला मी मलकापूरला गेलतो. शमशुद्दीनच्या भाच्यानं, बारा वर्साच्या पोरानं, माझ्या हातातली काठी उडवली. एवढंसं पोरगं, डोक्यावर लाल फेटा..."

"मीच ती. पुढच्या साली तुम्ही आला न्हाईसा. तवा फेटा सुटला."

मग गणपतरावांनी मांडीवर अशी थाप मारली की सगळे दचकले, आणि म्हातारा पोट धरून हसायला लागला. "आयला! इतकी वर्सं मी लोकांस्नी सांगत हिंडलो, की मला आयुष्यात एकाच पोरानं हरवलं! आणि ते पोरगं न्हवतंच की रं!" हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि हात जोडून म्हणाले, "वस्तादीण बाई, ही तालीम तुमची. ह्यास्नी शिकवा."

ज्या वस्तादापुढं अख्खी पेठ मान झुकवायची, त्यानं तिच्यापुढं हात जोडले म्हटल्यावर सर्कशीचा शब्द पुन्हा कुणी काढला नाही. हंबीरराव मात्र पाठ फिरवून आखाड्यात निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून तालमीच्या मागच्या अंगणात धुमश्चक्री सुरू झाली. पहिल्या रांगेत शालू, तिच्यामागं तालमीतली तरणी पोरं. जुलेखा कुणाला सोडत नव्हती. पाऊल चुकलं की काठीचं टोक पोटरीवर. संध्याकाळी हलगी, घुमकं आणि कैताळ अशी वाद्यं घुमायला लागली की शालूच्या अंगात वारं भरायचं. धोंडुबाई, तिची आई, पहिल्यांदा फणफणली. मग तिनंच आपलं इरकली लुगडं काढून दिलं आणि कासोटा कसा घट्ट मारायचा ते दाखवलं. पट्टा हातात येईपर्यंत शालूचे दोन्ही खांदे सुजले. पण एकदा तिनं जमिनीवर ठेवलेलं लिंबू मधोमध कापलं, माती न उकरता, आणि ती धावत जाऊन जुलेखाच्या गळ्यातच पडली.

"भुईवरचं लिंबू कोण बी कापतंय," जुलेखा म्हणाली, पण तीही हसत होती. "माणसाच्या तळहातावरचं कापशील त्या दिवशी मला वस्ताद म्हण."

कागलच्या उरुसाला ट्रक भरून माणसं निघाली. गैबी पिराच्या दर्ग्याभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. नारळ, फुलांच्या चादरी, भजी, पाळणे, आणि जिकडं बघावं तिकडं फेटे. खेळाचं मैदान तर माणसांनी भिंतीगत वेढलं होतं. चाफ्याच्या तालमीत या वेळी एक पोरगी पट्टा खेळणार, ही बातमी त्यांच्या आधीच कागलात पोचली होती.

हलगी कडाडली. पोरांच्या काठ्या झाल्या, जोड्या झाल्या. मग शालू मैदानात आली. आधी कुजबुज झाली, एकदोन शिट्ट्या झाल्या. तिनं पट्टा फिरवायला सुरुवात केली आणि शिट्ट्या थांबल्या. हलगीवाला तिच्या पावलाकडं बघून ठेका वाढवत होता आणि ती ठेक्याच्याही पुढं धावत होती. भुईवरची लिंबं कापत ती मैदानभर फिरली. लोक ओरडायला लागले.

आता तळहातावरचं लिंबू. 'हात मी धरतो, बघू काय कापती ते' असं तालमीत छातीठोक सांगितलेला हंबीरराव पुढं आला, गुडघ्यावर बसला आणि त्यानं हात पसरला. लिंबू तळहातावर ठेवलं आणि ते घरंगळलं. परत ठेवलं, परत घरंगळलं. पैलवानाचा हात थरथरत होता. त्यानं दोनदा दीर्घ श्वास घेतला आणि मग उठला. मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "खोटं बोलत न्हाय. कुस्तीत मान मोडली तरी भ्यायचा न्हाय मी, पर ह्ये माझ्यानं हुईत न्हाय."

गर्दीत गलका उडाला. "दुसरा गडी द्या!" "पोरीला एवढंच येत असंल!" शालूनं जुलेखाकडं बघितलं. जुलेखा स्वतः पुढं यायला निघाली होती, तोवर कुणीतरी तिला हातानं मागं सारलं.

केरबा होता तो. त्यानं डोक्यावरचा पटका नीट केला, मैदानात येऊन शड्डू ठोकला आणि लेकीसमोर गुडघ्यावर बसला. उजवा तळहात लांब केला. लिंबू ठेवलं.

"आबा, उठा," शालू पुटपुटली. "तुम्ही नगो."

"का? माझा हात थरथरतोय काय?"

नव्हता थरथरत. दगडागत स्थिर होता.

"ह्याच हातानं तुला धार काढायला शिकवली," केरबा हळूच म्हणाला. "मार. आणि मनगाट सैल सोड, ती बाई वरडती तसं."

शालूला हसू आलं, आणि हसताना खांद्यातला ताठा निघून गेला. हलगी एकदम थांबली. एवढ्या मोठ्या मैदानात फक्त पट्ट्याचा आवाज राहिला. एक फेरा, दुसरा फेरा. ती बापाभोवती फिरत होती, आणि केरबाची पापणीही लवत नव्हती. मग पातं वरून आलं. सपकन्!

लिंबाच्या दोन फाका दोन बाजूंना पडल्या. केरबानं हात वर करून चारी दिशांना फिरवला. ओरखडासुद्धा नव्हता, लिंबाचा रस तेवढा कोपरापर्यंत ओघळत होता.

मैदान उसळलं. फेटे हवेत उडाले, हलगीवाल्यानं हलगी फुटेस्तोवर बडवली. हंबीरराव सगळ्यांत आधी धावत आला आणि शालूला खांद्यावर घेऊ का बापाला, हे न कळून त्यानं केरबालाच उचललं. शालू गर्दीतून वाट काढत जुलेखासमोर गेली आणि वाकून तिच्या पायाला हात लावला.

"वस्ताद," ती म्हणाली.

लोक जुलेखाच्या नावानं ओरडायला लागले. ती नको नको म्हणत होती, पण चमननं ट्रकमधून कर्णा आणि तिचे जुने पट्टे आणलेच होते. त्यानं सर्कशीतली ती जुनी धून सुरू केली आणि जुलेखानं दोन्ही हातांत पट्टे चढवले. ती खेळली तेव्हा कागलची माणसं ओरडायचंही विसरली. खाली बसलेले गणपतराव डोळे मिटून, बोटांनी मांडीवर ताल धरून ऐकत होते आणि शेजारच्याला सांगत होते, "बघ, आता उलटा वार यील. आला बघ!"

ट्रक कोल्हापुरात परतला तेव्हा सगळ्यांचे घसे बसले होते. केरबा दारात पाय ठेवतो न ठेवतो तोच धोंडुबाईनं त्याचा उजवा हात धरला. बातमी आधीच आली होती. तिनं तळहात उलटा केला, सुलटा केला, बोटं एकेक करून मोजल्यागत चाचपली. मग म्हणाली, "इचारायचं न्हाय, सांगायचं न्हाय, आणि हात म्होरं करून बसायचं! लेकीला लागलंय ते खूळ कुणाकडनं आलंय ते कळलं मला." आणि पदर तोंडाला लावून ती हसत सुटली.

त्याच आठवड्यात तालमीच्या मागच्या अंगणात आणखी पोरी आल्या. कुणी आईचं बोट धरून, कुणी बहिणीला बरोबर घेऊन. रविवार पेठेतल्या अमीन शिंप्याची रशिदा तर बापाला न विचारताच आली होती. शालूनं त्यांना रांगेत उभं केलं. हंबीररावही काठी घेऊन येऊन थांबला. जुलेखानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि शेवटच्या पोरीच्या मागं बोट दाखवलं.

"तिकडं उभं ऱ्हा," ती म्हणाली. "आणि मनगाट सैल सोड."

पैलवान मुकाट्यानं रांगेत जाऊन उभा राहिला, आणि हलगी सुरू झाली.